अंडी दिसली, आलेख हरवला

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा येतो, कुणीतरी 'ज्युरासिक पार्क'चे नाव काढतो आणि बघता बघता दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "आधी मूळ पुस्तक वाचा, मग बोला. सिनेमाने त्याचा पार चोथा केला आहे." दुसरा म्हणतो, "पुस्तक तुमच्यापाशीच ठेवा. ती पेल्यातल्या पाण्याची थरथर पुस्तकात आहे का?" कोपऱ्यात वह्या तपासत बसलेले एखादे सर मान वर न करताच दोघांना उडवून लावतात, "सगळा जाहिरातीचा महिमा! डायनोसॉरच्या नावाखाली भुताचा सिनेमा." तेवढ्यात घंटा होते. वाद तसाच राहतो.

आम्ही पुष्कळ वर्षे पहिल्या तटात होतो. अलीकडे नववी-दहावीच्या मुलांबरोबर हा चित्रपट पुन्हा पाहण्याचा योग आला आणि त्या निमित्ताने कादंबरीही पुन्हा वाचली. त्यानंतर आमचे मत बदलले. पण ते दुसऱ्या तटाकडे गेले, असेही नाही. पुस्तक श्रेष्ठ की चित्रपट, हा प्रश्नच थोडा चुकीचा विचारला जातो, असे आता वाटते. विज्ञान शिकवणाऱ्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: माध्यम बदलताना या गोष्टीतले नेमके काय टिकले आणि काय गळाले?

आधी थोडी माहिती. मायकेल क्रायटन या अमेरिकी लेखकाची 'ज्युरासिक पार्क' ही कादंबरी १९९० साली प्रसिद्ध झाली. स्टीव्हन स्पीलबर्गने तिच्यावर काढलेला चित्रपट जून १९९३ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. पटकथा क्रायटन आणि डेव्हिड केप यांची होती. म्हणजे जे काही गळाले त्यात मूळ लेखकाचाही हात होता, हे पुस्तकवाल्यांनी ध्यानात ठेवलेले बरे. पहिल्याच फेरीत जगभरात या चित्रपटाने ९१ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला आणि तोपर्यंतचे सगळे विक्रम मोडले. आपल्याकडे १९९४ साली तो हिंदीतून आला आणि ज्यांनी कधी इंग्रजी चित्रपट पाहिला नव्हता अशांनीही थिएटरवर गर्दी केली. तेव्हा शाळेत असलेले कितीतरी जण आज स्वतः शिक्षक आहेत. 'डायनोसॉर' हा शब्द घराघरांत पोचला तो पाठ्यपुस्तकामुळे नव्हे, या चित्रपटामुळे. तेव्हा त्याच्याकडे तुच्छतेने पाहून आपले भागणार नाही.

चुकांची नेहमीची यादी

या चित्रपटावर विज्ञानाच्या बाजूने बोलायचे म्हटले, की बहुतेक जण चुकांची यादी काढतात. यादी खरी आहे. टिरॅनोसॉरस, ट्रायसेरॅटॉप्स आणि व्हेलोसिरॅप्टर हे तिन्ही मुख्य प्राणी ज्युरासिक काळातले नाहीतच, ते त्यानंतरच्या क्रिटेशस काळातले. खरा व्हेलोसिरॅप्टर शेपटीसकट सुमारे दोन मीटर लांब आणि वजनाने पंधरा-वीस किलोंचा, म्हणजे एखाद्या टर्कीएवढा. त्याच्या हाताच्या हाडावर पिसे रुजल्याच्या खुणा २००७ साली आढळल्या. चित्रपटातला माणसाएवढा, पिसे नसलेला प्राणी खरे तर त्याच्या डायनोनायकस या मोठ्या नातेवाइकासारखा आहे. डायलोफोसॉरसच्या गळ्याभोवती उघडणारी झालर ही चित्रपटाची करामत आणि त्याचे विष थुंकणे ही कादंबरीची.

परंतु या यादीने फारसे काही साधत नाही. पिसांचा भक्कम पुरावा चीनमधल्या जीवाश्मांतून १९९६ पासून मिळू लागला, म्हणजे चित्रपटानंतर. त्याबद्दल १९९३ च्या चित्रपटाला दोष देणे म्हणजे मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकेला या वर्षीच्या पुस्तकातून गुण देणे. शिवाय चुका दाखवणे सोपे असते. त्यातून मुलांना एवढेच कळते, की सरांना सिनेमापेक्षा जास्त माहिती आहे. विज्ञान म्हणजे बरोबर माहितीची यादी, हा जुनाच समज त्यातून पक्का होतो. खरी तुलना माहितीची नव्हे, पुराव्याची करायला हवी. कादंबरीतल्या आणि चित्रपटातल्या माणसांना एखादी गोष्ट कळते ती कशी कळते?

दोनशे अडतीस

त्यासाठी गोष्टीचा मध्य पाहू. बेटावरचे सगळे डायनोसॉर माद्याच असतील, अशी व्यवस्था शास्त्रज्ञांनी केली आहे. त्यामुळे त्यांची वीण होणार नाही, अशी सर्वांची खात्री आहे. प्रत्यक्षात वीण होते आहे. डीएनएमधल्या गाळलेल्या जागा बेडकाच्या डीएनएने भरल्या होत्या आणि बेडकांच्या काही जातींत मादीचा नर होऊ शकतो, असा त्याचा खुलासा आहे. कादंबरी आणि चित्रपट दोहोंत हे आहे. फरक आहे तो ही गोष्ट उघडकीला येण्याच्या रीतीत.

कादंबरीत सुरुवात होते एका आलेखाने. बागेतल्या सर्वांत लहान जातीच्या डायनोसॉरांच्या उंचीचा आलेख पाहुण्यांना कौतुकाने दाखवला जातो: मध्ये उंच, दोन्ही बाजूंना उतरता, घंटेच्या आकाराचा. इयन माल्कम हा गणिती तो पाहून अस्वस्थ होतो. हे प्राणी सहा-सहा महिन्यांच्या अंतराने तीन तुकड्यांत बेटावर सोडलेले आहेत. मग आलेखाला तीन उंचवटे हवेत. एकच उंचवटा कसा?

पुढे बागेत फिरताना ॲलन ग्रँट या पुराजीवशास्त्रज्ञाला अंड्याच्या कवचाचा एक तुकडा सापडतो. नियंत्रण कक्षातली माणसे मानायला तयार नाहीत. एखाद्या पक्ष्याच्या अंड्याचा असेल, म्हणतात. हाही आक्षेप रास्तच आहे. एका तुकड्यावरून एवढे मोठे विधान कसे करायचे? मग माल्कम संगणकाची परीक्षा घेतो. बेटभर बसवलेल्या यंत्रणेतून संगणक दर काही मिनिटांनी प्राणी मोजतो आहे आणि दर वेळी उत्तर येते आहे २३८, जेवढे असायला हवेत तेवढेच. माल्कम सांगतो, २३९ शोधायला सांगा. संगणक २३९ शोधून देतो! मग ३०० शोधायला सांगतात. संगणक बराच वेळ मोजत राहतो आणि थांबतो २९२ वर. व्हेलोसिरॅप्टर ८ असायला हवे होते, निघतात ३७.

चूक यंत्राची नव्हती, प्रश्नाची होती. बागेच्या मालकांना भीती होती ती प्राणी कमी होण्याची. एखादा मेला, पळाला, तर कोट्यवधींचे नुकसान. म्हणून त्यांनी संगणकाला एवढेच विचारले होते, की २३८ भरतात ना? २३८ भरले, की मोजणी थांबे. जास्त असू शकतील, हे कुणाच्या मनातच आले नाही, म्हणून ते कधी दिसलेही नाहीत.

प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या शिक्षकाला हा प्रसंग वाचताना हसूही येईल आणि चटकाही बसेल. लंबकाचा आवर्तनकाल मोजताना 'उत्तर' आधीच ठाऊक असलेली मुले त्या उत्तरापाशी आली, की घड्याळ थांबवतातच ना? आपणही पेपर तपासताना अपेक्षित वाक्य दिसले, की पुढचे वाचत नाही. जे शोधायला निघालो तेवढेच सापडणे हा विज्ञानातला फार जुना आणि फार मानवी दोष आहे. एका थरारक कादंबरीने तो इतक्या सोप्या आकड्यांत दाखवावा, ही मोठीच गोष्ट.

चित्रपटात यातले काहीच नाही. ग्रँट आणि दोन मुले झाडीतून चालली आहेत. पायाशी फुटलेल्या अंड्यांचे घरटे दिसते आणि बाजूला उमटलेली चिमुकली पावले. ग्रँट दोन-तीन वाक्यांत बेडकाचा खुलासा करतो. प्रसंग सुंदर आहे, पण वाद नाही, शंका नाही, आक्षेप घेणारा कुणी नाही. डोळ्यांनी पाहिले, कळले, संपले.

आमच्या मुलांना चित्रपटानंतर विचारले, "डायनोसॉरांची वीण झाली हे कशावरून?" सगळ्यांचे एकच उत्तर, "सर, अंडी दिसली ना!" उत्तर चूक नाही. पण विज्ञानाचा फार मोठा भाग असा आहे, की जिथे अंडी कधी दिसतच नाहीत. पृथ्वीचा गाभा कुणी पाहिलेला नाही. तो भूकंपलहरींच्या वेळापत्रकातून कळला. गोष्ट दिसण्याआधी, किंबहुना न दिसताही, आकड्यांतून कळू शकते, हे ज्या मुलाला उमगले नाही त्याची विज्ञानाची वाट 'दाखवा, मग मानतो' इथेच अडते. म्हणून तो हरवलेला आलेख आम्हाला टोचतो.

पेल्यातले पाणी

इथपर्यंत पुस्तकवाल्यांच्या माना डोलू लागल्या असतील. आता चित्रपटाची बाजू.

आलेख पडद्यावर थरारक करणे फार अवघड आहे. वाचक एका पानावर थांबून विचार करू शकतो. प्रेक्षकाला थांबता येत नाही. म्हणून चांगला दिग्दर्शक विचाराचे दृश्य करतो. उभ्या गाडीत पाण्याचे पेले आहेत. पाण्यावर एकात एक वर्तुळे उमटतात. पुन्हा उमटतात. प्राणी अजून दिसलेला नाही, पण प्रेक्षागृहातल्या लहान मुलालाही कळते, की काहीतरी प्रचंड चालत येते आहे. हे अनुमानच नव्हे का? जमिनीच्या थरथरीवरून न दिसणाऱ्या वस्तूचा अंदाज घेणे. भूकंपमापक दुसरे काय करतो? दुसऱ्या तटाचे म्हणणे आम्हाला पटले ते इथे. आलेख हरवला हे खरे, पण त्याच्या जागी स्पीलबर्गने पाण्याचा पेला ठेवला. (ती नियमित वर्तुळे काढण्यासाठी गाडीच्या पुढच्या भागाखाली गिटारची तार बसवून ती छेडली होती. ध्वनीचा पाठ शिकवताना ही गोष्ट जरूर सांगावी.)

दुसरे उदाहरण व्याख्यानाचे. अंबरात, म्हणजे कठीण झालेल्या प्राचीन राळेत, अडकलेला डास, त्याच्या पोटातले रक्त, त्या रक्तातला डीएनए हा सगळा मामला कादंबरीत पानेच्या पाने चालतो. चित्रपटाने तो एका छोट्या व्यंगचित्रपटात बसवला. बोलणारे, उड्या मारणारे डीएनएचे पात्र काही मिनिटांत सगळे सांगून टाकते. ते बालिश आहे, अशी टीका होते. आमचे मत उलट आहे. बागेच्या मालकांनी पर्यटकांसाठी बनवलेली ती फिल्म आहे. ती गोड, घाईची आणि अडचणीच्या प्रश्नांना बगल देणारीच असणार. म्हणजे एकाच वेळी माहितीही मिळते आणि माहिती विकणाऱ्याचा स्वभावही कळतो.

आणि तिसरी, सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे प्राणी स्वतः. १२७ मिनिटांच्या चित्रपटात डायनोसॉर पडद्यावर दिसतात ते जेमतेम पंधरा मिनिटे. त्यातली संगणकाने काढलेली दृश्ये सहा मिनिटांच्या आसपास. बाकीची स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यात बनलेल्या यंत्रांची. पण या पंधरा मिनिटांनी एक जुने चित्र पुसले. जुन्या पुस्तकांतले डायनोसॉर थंड रक्ताचे, मंद, शेपटी जमिनीवरून फरफटत नेणारे होते. जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९६९ साली डायनोनायकसचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून शास्त्रज्ञांचे मत बदलू लागले: हे प्राणी चपळ होते आणि पक्ष्यांचे जवळचे नातेवाईक होते. जॅक हॉर्नर यांना मोन्टानात डायनोसॉरांची घरटी सापडली. तेच या चित्रपटाचे सल्लागार होते. शास्त्रज्ञांच्या वर्तुळात वीस-पंचवीस वर्षे चाललेली ही उलथापालथ सामान्य माणसापर्यंत पोचली ती पडद्यावरच्या एका कळपामुळे. गॅलिमिमसचा तो कळप पाखरांच्या थव्यासारखा एकदम वळतो आणि 'डायनोसॉर आणि पक्षी नातेवाईक' हे वाक्य पाठ करण्याची गरज उरत नाही. जे काम शब्दांना जमत नाही ते इथे चित्राने केले. या बाबतीत झालेला गाजावाजा रास्त होता, असे आम्ही खुशाल म्हणू.

शेणाची गोष्ट

आणखी एक प्रसंग दोन्हीकडे ताडून पाहण्याजोगा आहे. बागेत एक आजारी डायनोसॉर पडलेला आहे. कादंबरीत स्टेगोसॉरस, चित्रपटात ट्रायसेरॅटॉप्स. दर सहा आठवड्यांनी त्याला त्रास होतो. जवळच एक विषारी फळांचे झाड आहे. ते आपल्या ओळखीचेच: बकाण निंब. एली सॅटलर ही वनस्पतितज्ज्ञ विचारते, हा प्राणी ही फळे खातो का?

चित्रपटात ती शेणाच्या भल्यामोठ्या ढिगात कोपरापर्यंत हात घालते. प्रेक्षक हसतात. फळांच्या बिया सापडत नाहीत. पाऊस येतो, कथा पुढे जाते आणि आजाराचे कोडे सुटायचे राहते ते राहतेच. कादंबरीत मात्र तिला जमिनीवर गुळगुळीत दगडांचा ढीग दिसतो. अन्न भरडण्यासाठी हा प्राणी दगड गिळतो. ते झिजून गुळगुळीत झाले, की टाकून देतो आणि नवे गिळतो. नवे दगड उचलताना जमिनीवर पडलेली फळेही पोटात जातात. म्हणून दर सहा आठवड्यांनी आजार! पुरावा विष्ठेत नव्हता, दगडांत होता. कोडे सुटल्याचा जो आनंद विज्ञानात असतो तो इथे पुस्तकाने दिला आणि चित्रपटाने हातचा घालवला.

त्यातही आपल्याला रुखरुख वाटण्याचे खास कारण आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिजदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या खडकांत डायनोसॉरांची हाडे आणि विष्ठेचे जीवाश्म मिळतात. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विष्ठेतले सिलिकाचे सूक्ष्म कण तपासले. वनस्पतींच्या पेशींत असे कण तयार होतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचा गट ओळखता येतो. त्यात गवताचे कण निघाले. डायनोसॉरांच्या काळात गवत होते आणि काही डायनोसॉर ते खात होते, हे २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकातून जगाला कळले, ते विदर्भातल्या शेणामुळे. पडद्यावर ज्या ढिगाला प्रेक्षक हसले, त्यातून असे खरेखुरे उत्तर निघू शकते. वर्गात हा प्रसंग दाखवला तर तिथे थांबून पिजदुऱ्याची गोष्ट सांगावी.

पुस्तकाचे पायही मातीचेच

आता कादंबरीलाही झुकते माप नको. त्या आलेखाकडे जरा खोलात जाऊन पाहिले तर तोही निर्दोष नाही. लहान जातीचे प्राणी लवकर पूर्ण वाढतात. तिन्ही तुकड्या पूर्ण वाढल्या, की त्यांच्या उंचीतला फरक पुसला जाणार. मग वीण न होताही उंचवटा एकच दिसेल. उलट, सतत वीण होणाऱ्या कळपात पिल्ले पुष्कळ असतात, तेव्हा आलेख दोन्ही बाजूंना सारखा उतरता येईलच असे नाही. म्हणजे माल्कमची शंका योग्य, पण आलेख हा पुरावा कच्चा. पक्का पुरावा मोजणीचाच. एवढी चिकित्सा आपण करू शकतो, कारण पुस्तकाने पुरावा आपल्यापुढे ठेवला आहे. चित्रपटातल्या अंड्यांची चिकित्सा करायला जागाच नाही.

माल्कमची लांबलचक प्रवचने हाही कादंबरीचा दोष आहे. केऑसच्या सिद्धांताचे नाव घेऊन तो बाग कोसळणारच, असे ठामपणे सांगतो. पण सुरुवातीच्या बारीक फरकातून पुढे मोठे फरक पडतात, एवढ्यावरून 'सर्वनाश अटळ' हे सिद्ध होत नाही. चित्रपटात हेच तो एलीच्या हातावर पाण्याचा थेंब टाकून दाखवतो: एकाच जागी टाकलेला थेंब दर वेळी वेगळ्या बाजूला ओघळतो. दोन-चार पानांच्या प्रवचनापेक्षा हा थेंब सरस आहे.

एका बदलाबाबत मात्र चित्रपटाला माफी नाही. कादंबरीतला मालक जॉन हॅमंड हा पैशाशिवाय काही न दिसणारा, नातवंडे संकटात असतानाही बागेचाच विचार करणारा माणूस आहे. शेवटी त्याच्याच बागेतले लहानसे डायनोसॉर त्याचा जीव घेतात. चित्रपटात तो प्रेमळ, पांढऱ्या दाढीचा, स्वप्नाळू आजोबा झाला. आता २३८ चा आकडा आठवा. मोजणी चुकली कारण प्राणी हे कुणाचे तरी धन होते आणि धन्याला चिंता फक्त घटीची होती. धनी बदलला, की चुकीचे मूळच नाहीसे होते. उरतो एक चोरटा नोकर आणि एक वादळ. प्रयोगशाळेत कोणता प्रश्न विचारला जाईल हे पैसा पुरवणारा ठरवतो, हा कादंबरीचा इशारा होता. तो गोड आजोबांच्या मागे लपला. गंमत अशी, की चित्रपटातल्या बागेच्या दुकानात विक्रीच्या वस्तू मांडलेल्या दिसतात आणि तशाच वस्तू चित्रपटाबरोबर खऱ्या बाजारातही आल्या होत्या!

गाजावाजा आणि शास्त्रज्ञ

अशा बोलबाल्याने बिघडते काय, असे कुणी विचारील. एक खरी हकीकत सांगतो. अमेरिकेत चित्रपट प्रदर्शित झाला ११ जून १९९३ रोजी. त्याच्या आदल्याच दिवशी 'नेचर' या प्रतिष्ठित नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला: लेबनॉनमधल्या अंबरात अडकलेल्या, बारा कोटी वर्षांहून जुन्या भुंग्याचा डीएनए मिळाल्याचा. पुढच्या वर्षी, १९९४ मध्ये, दुसऱ्या एका गटाने 'सायन्स'मध्ये आठ कोटी वर्षांपूर्वीच्या हाडातून डीएनए काढल्याचे जाहीर केले. तो डायनोसॉरचा असावा, असा बोलबाला झाला. कादंबरी खरी ठरणार, असे सर्वांना वाटू लागले.

मग विज्ञानाने त्याचे नेहमीचे, कंटाळवाणे, पण प्रामाणिक काम केले: प्रयोग पुन्हा करून पाहिला. १९९४ चा तो डीएनए माणसाच्याच डीएनएशी जुळणारा निघाला, हाताळताना मिसळलेला. लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या संशोधकांनी अंबरातल्या कीटकांवर पुन्हा प्रयत्न केले. १९९७ साली त्यांनी कळवले, की प्राचीन डीएनए मिळत नाही. २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्याच्या १५८ हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या हाडांतल्या डीएनएच्या ठरावीक लांबीच्या तुकड्यांचे अर्धायुष्य सुमारे ५२१ वर्षे भरले. अगदी गोठणबिंदूच्या खालच्या तापमानातही ६८ लाख वर्षांत सगळे बंध तुटलेले असतील, असा त्यांचा हिशेब. डायनोसॉर नाहीसे होऊन ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. आतापर्यंत वाचला गेलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गाळातला आहे, सुमारे २० लाख वर्षांचा. तो २०२२ साली जाहीर झाला.

भुंग्यातला डीएनए शोधणारी माणसे लबाड नव्हती. त्यांना जे सापडेल अशी आशा होती, ते त्यांना 'सापडले'. म्हणजे कादंबरीतल्या संगणकाने केलेली चूक खऱ्या प्रयोगशाळेतही झाली आणि सुटकाही त्याच वाटेने झाली: कुणीतरी प्रश्न बदलून पुन्हा मोजले. चित्रपटाने गाळलेला प्रसंग चित्रपटाच्याच सावलीत प्रत्यक्ष घडला, असे म्हणायला हरकत नाही.

वर्गात काय करावे

तर आमचा निवाडा असा. 'ज्युरासिक पार्क' हा चित्रपट त्याच्या कीर्तीला पात्र आहे, पण ती कीर्ती दाखवण्याची आहे, समजावण्याची नव्हे. कादंबरीत समजावण्याचा खटाटोप आहे; अर्धकच्चा, पण आहे. मुलांना चित्रपट जरूर दाखवावा, त्यातल्या चुका मोजत बसू नये आणि जिथे अंडी दिसतात तिथे तो थांबवून आलेखाची गोष्ट सांगावी. मग पुढच्या दोन कृती करून घ्याव्यात. खर्च काही नाही.

पहिली: पहिली, पाचवी आणि नववीच्या मुलांच्या उंची मोजून, पाच-पाच सेंटिमीटरचे गट पाडून एकच आलेख काढा. तीन उंचवटे दिसतात का पाहा. मग मधल्या इयत्तांची मुले त्यात मिळवा आणि उंचवट्यांचे काय होते ते पाहा. माल्कम कशाने दचकला ते मुलांना न सांगता कळेल.

दुसरी: दोन सारख्या पिशव्यांत प्रत्येकी साठ-सत्तर चिंचोके भरा. एका गटाला सांगा, "पन्नास भरतात का ते पाहा." दुसऱ्याला सांगा, "किती आहेत ते सांगा." पहिल्या गटातली किती मुले पन्नासावर थांबतात आणि किती आपणहून पुढे मोजतात, ते शिक्षकांनी गुपचूप टिपून ठेवावे.

जी मुले न सांगता पुढे मोजतील त्यांच्याकडे लक्ष असू द्या. आणि पुढच्या मधल्या सुट्टीत वाद निघाला, की कोपऱ्यातल्या त्या सरांच्या पुढ्यातही एक पिशवी ठेवून पाहा.